ब्रिटिश पुरुषांचा औपचारिक पोशाख : लिखित नियम आणि अलिखित संकेत

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. यांपैकी वस्त्राची गरज थंडीवाऱ्यापासून संरक्षण आणि लज्जारक्षण एवढ्यावर थांबत नाही. माणूस कोण आहे, कोणत्या थरातून आला आहे, त्याचा व्यवसाय कोणता आणि समोरच्या प्रसंगाला तो किती मान देतो, हे सारे त्याच्या वस्त्रावरून वाचले जाते. पोशाखाचे संकेत प्रत्येक समाजात आढळतात. तथापि हे संकेत अत्यंत बारकाईने रचून जगाच्या मोठ्या भागात रूढ करण्याचे कार्य एकोणिसाव्या शतकातील ब्रिटनने ज्या प्रमाणात केले, त्या प्रमाणात ते क्वचितच अन्य देशाने केले असेल. आज मुंबईच्या न्यायालयात किंवा टोकियोच्या बँकेत दिसणाऱ्या कोट-टायच्या पोशाखाची मुळे मुख्यत्वे या परंपरेत आहेत.

या परंपरेकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन सामान्यतः आढळतात. पहिल्या दृष्टिकोनानुसार औपचारिक पोशाख हे सभ्यतेचे व शिस्तीचे लक्षण आहे. दुसऱ्या दृष्टिकोनानुसार तो वर्गीय अहंकाराचा आणि वसाहतवादाचा अवशेष आहे. दोन्हींत तथ्य असले तरी दोन्ही एकांगी आहेत. एकच नियम एका ठिकाणी माणसाला दाराबाहेर ठेवतो आणि दुसऱ्या ठिकाणी त्याला इतरांच्या बरोबरीने आत नेतो, असे या पोशाखाच्या इतिहासात वारंवार दिसते. असे का घडते, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) ब्रिटिश पुरुषांच्या औपचारिक पोशाखाची जडणघडण आणि त्यातील प्रकारांची उतरंड स्पष्ट करणे.

२) या पोशाखातील लिखित नियम व अलिखित संकेत यांतील भेद उदाहरणांसह विशद करणे.

३) या भेदाचा सामाजिक समतेशी असलेला संबंध तपासणे व त्याचे भारतीय संदर्भ थोडक्यात नोंदवणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश सुटाच्या इतिहासाचा प्रारंभ सामान्यतः १६६६ या वर्षापासून मानला जातो. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात राजा दुसरा चार्ल्स याने आपल्या दरबारात एक नवे लांब अंगवस्त्र रूढ केले. सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे, तर जॉन एव्हलिन या समकालीनाने ते पर्शियन धाटणीचे असल्याचे नमूद केले आहे. याच वस्त्राचे पुढे आखूड होत गेलेले रूप म्हणजे आजचा वेस्टकोट, अर्थात मराठीतील जाकीट. त्यावर कोट आणि खाली विजार अशी तीन वस्त्रांची रचना पुढील दोन शतकांत क्रमाने स्थिर झाली.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत उच्चवर्गीय पुरुषाचा पोशाख रेशीम, मखमल, जरीकाम, पावडर लावलेले केसांचे टोप अशा उपकरणांनी नटलेला होता. ही परिस्थिती पालटण्याशी ब्यू ब्रमेल (१७७८–१८४०) याचे नाव जोडले जाते. ब्रमेलने गडद रंगाचा व अंगाबरोबर बेतलेला लोकरी कोट, स्वच्छ धुतलेला पांढरा सदरा आणि खळ देऊन नेटका बांधलेला गळपट्टा एवढ्यावर पुरुषी रुबाबाची उभारणी केली. वस्त्राची किंमत डोळ्यांत भरण्याऐवजी त्याचा बेत आणि स्वच्छता लक्षात यावी, हे त्याचे सूत्र होते. विशेष म्हणजे ब्रमेल हा उमराव नव्हता. त्याचे आजोबा एका घरी खासगी सेवक होते. राजपुत्राच्या मैत्रीमुळे तो उच्च वर्तुळात वावरला, कर्जबाजारी होऊन १८१६ मध्ये फ्रान्सला पळाला आणि तेथेच विपन्नावस्थेत मरण पावला. सभ्य गृहस्थाच्या पोशाखाचे मानदंड अशा रीतीने सेवकाच्या नातवाने घालून दिले, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

पुरुषांनी रंग व अलंकार यांचा केलेला हा त्याग मानसशास्त्रज्ञ जे. सी. फ्लूगल यांनी १९३० मध्ये वस्त्रांच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ‘महान पुरुषी परित्याग’ या संकल्पनेद्वारे मांडला. या त्यागाचा एक परिणाम मात्र अनपेक्षित होता. सर्वच पुरुष गडद कोटात दिसू लागल्यावर माणसामाणसांतील फरक रेशीम-जरीवरून ओळखणे अशक्य झाले. तो फरक मग बटण, कॉलर, गाठ आणि शिलाई यांसारख्या तपशिलांत शोधला जाऊ लागला. पोशाख साधा झाला, पण त्याचे वाचन अधिक अवघड झाले.

औपचारिक पोशाखाची उतरंड

ब्रिटिश परंपरेत कोणता पोशाख करावा हे मुख्यतः दोन प्रश्नांवर ठरते : वेळ दिवसाची की सायंकाळची, आणि प्रसंग किती औपचारिक. सायंकाळी सहाचा सुमार ही दिवसाचा व रात्रीचा पोशाख यांतील सीमारेषा मानली जाते. या दोन प्रश्नांतून पुढील चार मुख्य प्रकार निष्पन्न होतात.

(अ) व्हाइट टाय : हा सायंकाळचा सर्वोच्च पोशाख होय. यातील काळा टेलकोट पुढून कंबरेपर्यंत आखूड असतो आणि मागे त्याचे दोन पल्ले गुडघ्यापर्यंत उतरतात. त्याला बटणे असली तरी ती लावली जात नाहीत. त्याच्या आत उठावदार विणीच्या पांढऱ्या सुती कापडाचा वेस्टकोट, खळ दिलेला शर्ट, टोके दुमडलेली उभी कॉलर आणि पांढरा बो असतो. वेस्टकोटाची कड कोटाच्या पुढील कडेखाली दिसू नये, असा दंडक आहे. विजारीच्या बाहेरील शिवणीवर रेशमी फितीच्या दोन ओळी असतात. आज हा पोशाख शाही मेजवान्या व तत्सम मोजक्या समारंभांपुरता उरला आहे.

(आ) ब्लॅक टाय : सायंकाळच्या भोजनसमारंभाचा हा तुलनेने सौम्य पोशाख होय. काळ्या किंवा मध्यरात्रीच्या गडद निळ्या रंगाचे डिनर जॅकेट, त्याच्या लॅपलवर रेशमी आवरण, विजारीवर फितीची एकच ओळ आणि काळा बो ही त्याची लक्षणे आहेत. यात वेस्टकोटाऐवजी कमरेला चुण्यांचा रेशमी पट्टाही चालतो. इंग्रजीत या पट्ट्याला असलेले नाव ‘कमरबंद’ या मूळच्या फारसी शब्दाचे रूप असून ते हिंदुस्थानमार्गे ब्रिटिशांपर्यंत पोहोचले.

(इ) मॉर्निंग ड्रेस : हा दिवसाचा सर्वोच्च पोशाख. पुढून तिरका कापत मागे गोलाकार उतरलेला काळा किंवा करडा कोट, वेस्टकोट आणि बहुधा पट्ट्यापट्ट्यांची करडी विजार असे त्याचे स्वरूप असते. विवाह आणि रॉयल अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती हे त्याचे आजचे प्रमुख प्रसंग आहेत.

(ई) लाउंज सूट : एकाच कापडाचा कोट आणि विजार, साधा शर्ट व लांब टाय. आपल्याकडे ज्याला ‘फॉर्मल’ म्हटले जाते तो हाच पोशाख. ब्रिटिश उतरंडीत मात्र तो वरील तिन्हींच्या खाली येतो, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

अनौपचारिकाकडून औपचारिकाकडे

या उतरंडीतील वस्त्रांचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, आज औपचारिक मानले जाणारे बहुतेक वस्त्र कधीकाळी अनौपचारिक होते. मॉर्निंग कोट हा सकाळी घोड्यावरून रपेट करताना घालावयाचा कोट होता. खोगिरावर बसताना अडथळा होऊ नये म्हणून त्याचा पुढील भाग कापलेला असे. टेलकोटाची आखूड पुढील बाजूही घोडेस्वारीच्या सोयीशी निगडित आहे. लाउंज सूट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास घरी आणि खेड्यातील निवासस्थानी आरामात वावरण्यासाठी वापरला जाई. त्या काळी तो घालून लंडनच्या पेढीत जाणे अप्रशस्त ठरले असते.

डिनर जॅकेटची हकिकत अधिक बोलकी आहे. सॅव्हिल रो येथील हेन्री पूल या शिंपी-पेढीच्या नोंदीनुसार, युवराज एडवर्ड (पुढे राजा सातवा एडवर्ड) याने १८६५ मध्ये सँड्रिंगहॅम येथील अनौपचारिक भोजनासाठी शेपटांशिवायचा आखूड कोट शिवून घेतला. टेलकोटाचा जाच टाळणे हा त्यामागील हेतू होता. १८८०च्या दशकात हा प्रकार अमेरिकेत पोहोचला व न्यू यॉर्कजवळील टक्सीडो पार्क या ठिकाणावरून तेथे त्याला ‘टक्सीडो’ हे नाव मिळाले. जे वस्त्र औपचारिकतेतून सुटका म्हणून जन्माला आले, तेच आज बहुतेक लोकांच्या दृष्टीने औपचारिकतेची परिसीमा आहे.

याउलट वरच्या पायरीवरील वस्त्रे कालांतराने वापरातून जातात. व्हिक्टोरियाकालीन प्रतिष्ठितांचा गुडघ्यापर्यंत लांब फ्रॉक कोट मॉर्निंग कोटाने मागे सारला आणि १९३६ मध्ये राजा आठवा एडवर्ड याने दरबारी पोशाखातून तो अधिकृतपणे काढून टाकला. जुन्या उपयोगाच्या खुणा मात्र कापडावर राहून जातात. लॅपलवरील काज हे त्याचे सहज दिसणारे उदाहरण. कोट गळ्यापर्यंत बंद होत असे तेव्हा ते बटणासाठी होते. आज ते समारंभातील फुलापुरते उरले आहे.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. औपचारिकता वस्त्राच्या अंगभूत गुणात नसते. ती समाजाच्या संमतीत असते. ही संमती बदलते, आणि ती बदलली आहे हे ज्याला वेळेत कळते तो आतला ठरतो.

शहर आणि ग्रामीण भाग

वेळेप्रमाणेच स्थळाचा भेदही या परंपरेत महत्त्वाचा आहे. ब्रिटिश उच्चवर्गीयांचे जीवन लंडन आणि ग्रामीण जमीनदारी असे दोन ठिकाणी विभागलेले होते व त्यानुसार त्यांचा पोशाखही दुहेरी होता. शहरासाठी गुळगुळीत लोकरीचे करडे व गडद निळे कापड आणि काळे बूट. शिकार, मासेमारी आणि शेतशिवारासाठी जाड, खरबरीत ट्वीड आणि तपकिरी बूट. माती, गवत आणि पानगळ यांच्या रंगांशी ट्वीडचे रंग जुळतात, कारण त्याचा वापर त्याच परिसरात होत असे. यांपैकी हॅरिस ट्वीडला १९९३च्या कायद्याने संरक्षण मिळाले आहे. त्यानुसार स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आउटर हेब्रिडीज बेटांवर रंगवलेल्या व कातलेल्या शुद्ध लोकरीपासून तेथील रहिवाशांनी आपल्या घरी हाताने विणलेले कापडच या नावाने विकता येते.

बुटांवरील नक्षीच्या छिद्रांचा उगमही आयर्लंड व स्कॉटलंडच्या दलदलीत वापरल्या जाणाऱ्या पादत्राणांत शोधला जातो. आत शिरलेले पाणी त्या छिद्रांतून निघून जाई, असे सांगितले जाते. म्हणून शहरी औपचारिक बुटावर नक्षी जितकी कमी तितका तो अधिक औपचारिक, असा क्रम लागतो. शहरात तपकिरी बूट घालू नयेत हा संकेत याच विभागणीतून आला. ज्या जमीनदारी जीवनातून तो निर्माण झाला ते जीवन बव्हंशी संपले. संकेत मात्र शिल्लक राहिला.

अलिखित संकेत आणि प्रवेशाचे दार

वर दिलेले नियम शिष्टाचाराच्या कोणत्याही पुस्तकात सापडतात. परंतु पुस्तकात ठळकपणे न येणारे व केवळ सहवासाने कळणारे संकेत याहून प्रभावी असतात. वेस्टकोटाचे व सुटाचे शेवटचे बटण उघडे ठेवावे. सातव्या एडवर्डच्या वाढत्या पोटामुळे ही प्रथा पडली, अशी आख्यायिका सांगितली जाते. बो स्वतः बांधलेला असावा आणि त्याची गाठ किंचित असमान असली तरी चालेल. यंत्रासारखी नेमकी गाठ ही तयार बो विकत घेतल्याची खूण समजली जाते. तिरप्या पट्ट्यांचा टाय हा केवळ शोभेचा नसतो. ब्रिटनमध्ये अशा टायचे रंग शाळा, महाविद्यालय, क्लब किंवा सैन्यातील पलटण यांचे निदर्शक असतात. त्या संस्थेशी संबंध नसताना तो घालणे म्हणजे खोटी ओळख सांगण्यासारखे मानले जाते. या पट्ट्या परंपरेने परिधान करणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडून उजवीकडे उतरतात, तर अमेरिकेतील पट्ट्यांचा उतार बहुधा उलट असतो.

या संकेतांचा फटका बाहेरून येणाऱ्याला कसा बसतो याचे एक परिचित उदाहरण मोहनदास गांधी यांच्या आत्मकथेत आहे. कायद्याच्या शिक्षणासाठी १८८८च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस ते इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलचा पोशाख केला होता. उन्हाळ्यासाठी योग्य असलेला तो पोशाख त्या ऋतूत घालणारे ते एकटेच होते. पुढे त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड खर्चून सायंकाळचा सूट शिवून घेतला, उंच हॅट घेतली आणि आरशासमोर टाय बांधण्याचा सराव केला. पैसे असूनही नियम ठाऊक नसणे म्हणजे काय, याचा हा अनुभव होता.

ही गोष्ट केवळ एकोणिसाव्या शतकातील आहे असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनच्या सामाजिक गतिशीलता आयोगाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात लंडनमधील गुंतवणूक बँकांच्या नोकरभरतीचा विचार करण्यात आला होता. सुटाबरोबर तपकिरी बूट घालणे, अंगाला नीट न बसणारा सूट किंवा भडक टाय अशा कारणांनी उमेदवाराविषयी प्रतिकूल मत होऊ शकते, असे त्यात आढळले. सामान्य आर्थिक स्थितीतील घरांतून आलेल्या हुशार उमेदवारांना हे संकेत ठाऊक नसत आणि ते त्यांना कोणी सांगितलेलेही नसत. वित्तीय आकडेमोडीशी तपकिरी बुटांचा कोणताही संबंध नाही. तरीही ते उमेदवाराच्या बुद्धीची नव्हे, तर त्याच्या घराची परीक्षा घेत होते. येथे पोशाखाचा प्रश्न रुचीचा राहत नाही, तो उपजीविकेचा होतो.

लिखित नियम आणि समतेची शक्यता

याच परंपरेची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ब्रिटिश निमंत्रणपत्रिकेच्या खालच्या कोपऱ्यात अपेक्षित पोशाख दोन शब्दांत छापण्याची प्रथा आहे. वरवर पाहता ही सक्ती वाटते. प्रत्यक्षात ते पाहुण्याला केलेले साहाय्य असते. काय अपेक्षित आहे हे ज्याला घरातून कळलेले नाही त्याला ते पत्रिकेतून कळते. रॉयल अ‍ॅस्कॉटच्या राजपरिवाराशी संबंधित आवारात प्रवेशासाठी कोटाचा रंग, वेस्टकोट, टाय, उंच हॅट यांचे नियम तपशिलाने प्रसिद्ध केले जातात व काळानुसार बदलले जातात. काळ्या आणि करड्या कोटांबरोबर गडद निळ्या कोटालाही तेथे २०२२ पासून मान्यता मिळाली. नियम कडक आहेत, परंतु ते वाचता येतात.

नियम कळल्यानंतर ते पाळण्याची आर्थिक ऐपत हा पुढचा प्रश्न. त्यावर बाजारपेठेने उत्तर शोधले. लंडनच्या मॉस ब्रदर्स या दुकानाने १८९७ मध्ये एका ग्राहकाला सायंकाळचा सूट उसना दिला आणि त्यातून औपचारिक पोशाख भाड्याने देण्याचा व्यवसाय उभा राहिला. लिथुआनियातून तरुणपणी ब्रिटनमध्ये आलेल्या मॉन्टेग्यू बर्टन यांनी लीड्समधील कारखान्यांतून कामगारांना परवडणारे मापाचे सूट मोठ्या प्रमाणावर पुरवले. दुसऱ्या महायुद्धात कापडटंचाईमुळे १ जून १९४१ पासून वस्त्रांवर रेशनिंग आले. १९४२ मध्ये विजारीच्या पायाच्या दुमडीवरही बंदी घालण्यात आली. युद्धानंतर सेवामुक्त होणाऱ्या सैनिकांना सरकारने नागरी जीवनासाठी सूट, शर्ट, टाय, हॅट आणि बूट दिले. त्या सुटांच्या मापावर आणि शिलाईवर पुष्कळ विनोद झाले. तथापि खाणकामगाराचा मुलगा आणि कारकुनाचा मुलगा सारख्याच सुटात नोकरीच्या शोधात निघाले, हेही त्या काळातच घडले.

शिक्षणक्षेत्रातील उदाहरण प्राध्यापकवर्गाला अधिक जवळचे वाटेल. ऑक्सफर्ड विद्यापीठात परीक्षेला बसताना गडद सूट, पांढरा शर्ट, बो किंवा अन्य विहित गळबंध आणि वर झगा असा ‘सबफस्क’ नावाचा पोशाख अनिवार्य आहे. २०१२ मध्ये त्यातील स्त्री-पुरुष भेद काढून टाकण्यात आला. हा पोशाख उच्चभ्रूपणाचा अवशेष असून तो ऐच्छिक करावा, अशी मागणी झाल्यानंतर २०१५ मध्ये विद्यार्थ्यांचे मतदान घेण्यात आले. त्यात सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो कायम ठेवावा असा कौल दिला. परीक्षागृहात सर्वजण सारखे दिसतात, त्यामुळे कोणाची परिस्थिती काय हे दिसत नाही, असा युक्तिवाद समर्थकांनी केला होता. उच्चवर्गीय पोशाखच समतेचे साधन म्हणून स्वीकारला जातो, हे वरकरणी विसंगत वाटते. परंतु त्या पोशाखाचे नियम प्रत्येक विद्यार्थ्याला प्रवेशाबरोबरच सांगितले जातात, हे लक्षात घेतले की ही विसंगती उरत नाही.

नियम नाकारण्याची परंपरा

नियम स्पष्ट असले म्हणजे ते जाणीवपूर्वक नाकारताही येतात. कामगार नेते केअर हार्डी १८९२ मध्ये संसदेवर निवडून आले तेव्हा फ्रॉक कोट व उंच हॅट या रूढ पोशाखाऐवजी ते ट्वीडचा साधा सूट घालून सभागृहात गेले. १९२४ मध्ये मजूर पक्षाचे पहिले सरकार आले तेव्हा मंत्र्यांनी दरबारी पोशाख करावा की नाही, यावर पक्षात वाद झाला. तो महागडा पोशाख परवडावा म्हणून राजाच्या सचिवाने उपर्युक्त मॉस ब्रदर्सकडे तो ३० पौंडांत मिळू शकतो, असे पक्षाला लेखी कळवले होते. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी तो पोशाख केला आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १९९७ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन लंडनच्या मॅन्शन हाउस येथील वार्षिक भोजनास विहित औपचारिक पोशाखाऐवजी साध्या सुटात उपस्थित राहिले. २०१७ मध्ये कॉमन्स सभागृहाच्या तत्कालीन अध्यक्षांनी पुरुष सदस्यांना टाय अनिवार्य नसल्याचे स्पष्ट केले. २०२१ मध्ये त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी कोट आवश्यक असल्याचे लेखी मार्गदर्शन केले. हार्डी यांच्या काळी बंडखोरीचा ठरलेला सूटच सव्वाशे वर्षांनी त्याच सभागृहाचा किमान शिष्टाचार ठरला.

भारतीय संदर्भ

ब्रिटिश पोशाखसंकेतांना भारतीयांनी दिलेला प्रतिसाद हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे केवळ तीन प्रसंगांचा निर्देश पुरेसा ठरेल. २ मार्च १८८८ रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी व्हिक्टोरिया राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ आयोजित केलेल्या समारंभाला महात्मा जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. उंची वस्त्रे व दागिने ल्यालेली ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे, हे त्यांना राजपुत्रासमोर मांडावयाचे होते. समारंभाचा संकेत काय आहे हे जोतीरावांना पूर्णपणे ठाऊक होते. म्हणूनच तो मोडण्याला अर्थ प्राप्त झाला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी पांढऱ्या फ्लॅनेलमध्ये ओशाळलेले गांधीजी नोव्हेंबर १९३१ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात राजा पाचवा जॉर्ज याच्या भेटीला गेले ते पंचा आणि शाल याच वेशात. संकेत ठाऊक नसणे आणि तो ठाऊक असून नाकारणे यांतील अंतर त्यांच्या या दोन पोशाखांत दिसते.

त्याच गोलमेज परिषदेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाश्चात्त्य सुटात उपस्थित होते. अस्पृश्य मानलेल्या जातींनी काय ल्यावे आणि काय लेऊ नये, हे जेथे जातिव्यवस्थेने शतकानुशतके ठरवले होते तेथे सूट परिधान करणे हे परकीयांचे अनुकरण ठरत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांसमोर बोलताना त्यांनी जातीची ओळख सांगणारी वस्त्र-अलंकारांची पद्धत टाकून स्वच्छ व नीटनेटका पोशाख करण्याचे आवाहन केले होते, हेही या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते. जातीचे संकेत जन्मावर आधारित होते व ते बदलण्याची मुभा नव्हती. सुटाचे नियम मात्र शिकता येत होते. महाराष्ट्रातील गावोगावच्या पुतळ्यांतील निळ्या सुटाचा अर्थ या भेदाशिवाय लागत नाही.

वकिलांचा काळा कोट, गळ्यातील पांढऱ्या पट्ट्या व झगा, तसेच पदवीदान समारंभातील झगा ही ब्रिटिश वारशाची आजही दिसणारी रूपे आहेत. एप्रिल २०१० मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी भोपाळ येथील पदवीदान समारंभात आपला झगा उतरवून या प्रथेवर टीका केली आणि त्यानंतर या विषयावर मोठी चर्चा झाली. पुढील काळात अनेक विद्यापीठांनी झग्याऐवजी उपरणे किंवा हातमागाची वस्त्रे स्वीकारली. मात्र झगा असो वा उपरणे, तो पोशाख संस्थेने ठरवून सर्वांना सांगितलेला असतो, हे दोन्हींतील साम्य दुर्लक्षून चालणार नाही.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ब्रिटिश पुरुषांचा औपचारिक पोशाख ही स्थिर परंपरा नसून, एका पिढीचा सोयीचा पोशाख पुढील पिढीचा समारंभी पोशाख होण्याची ती अखंड प्रक्रिया आहे. त्यामुळे कोणतेही वस्त्र स्वभावतः सभ्य किंवा असभ्य ठरत नाही.

२) पोशाखाचे नियम कडक असण्यापेक्षा ते अलिखित असणे अधिक अन्यायकारक ठरते. लिहून, सांगून आणि साधने उपलब्ध करून दिलेला नियम समतेकडे नेऊ शकतो; गृहीत धरलेला संकेत जन्माने मिळालेल्या परिचयाची परीक्षा घेतो.

३) नियम नाकारण्याचे सामर्थ्यही तो ठाऊक असणाऱ्यालाच लाभते. अज्ञानातून झालेला भंग माणसाला ओशाळवाणे करतो, तर जाणीवपूर्वक केलेला भंग विचार मांडतो.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने या निष्कर्षांना व्यावहारिक मूल्य आहे. महाविद्यालयात मुलाखतीसाठी येणाऱ्या कंपन्यांच्या सूचनांत ‘फॉर्मल पोशाख आवश्यक’ एवढेच वाक्य अनेकदा असते. शहरातील नोकरदार कुटुंबातील विद्यार्थ्याला त्याचा अर्थ घरातच कळतो. ग्रामीण भागातून आलेल्या, कुटुंबातील पहिल्याच पदवीधर पिढीच्या विद्यार्थ्याला तो कोणी सांगितलेला नसतो. चुकीचा रंग, चुकीचा बूट किंवा लग्नासाठी शिवलेला चकचकीत कोट यांमुळे त्याच्याविषयी मत बनते आणि ते का बनले हेही त्याला कळत नाही. अपेक्षित पोशाख नेमक्या शब्दांत सूचनाफलकावर लावणे, टायची गाठ वर्गात दाखवणे आणि शक्य असल्यास महाविद्यालयाने गरजू विद्यार्थ्यांसाठी काही कोट व बूट संग्रही ठेवणे, ही फार खर्चाची कामे नाहीत. पोशाखाचा हा संकेत योग्य की अयोग्य, याची चर्चा वर्गात अवश्य व्हावी. परंतु त्या चर्चेचा निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याने त्याची किंमत मोजू नये, याची जबाबदारी अध्यापकांवर येते.